खंडेनवमीचा फ्रीज

साहेबांनी गाडीघर बांधायला काढलं तेव्हा पिंपरीत वीज आली होती, पण ती कारखान्याच्या कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर माळ, आणि माळावर आमच्यासारखे लांबून आलेले लोक. मी परभणीकडचा. रझाकारांच्या धामधुमीत आमच्या गावची शाळा बंद पडली. पुन्हा उघडली तोवर मी बैलांच्या मागं लागलो होतो. चार इयत्ता, त्याही उर्दूतल्या, एवढ्यावर मी इतक्या दूर आलो आणि कारखान्याच्या गॅरेजमध्ये रोजंदारीवर लागलो. राहायला काळेवाडीत, एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत. तिथं एकटा माणूस निजू शकत होता, बायको आणता येत नव्हती. लग्न होऊनही ती माझ्या आईजवळच राहिली होती, आणि गावाकडून येणारा जो तो एकच विचारायचा, "कदी न्हेणार रं तिला?"

पर्मनंट झालं की कंपनीची खोली मिळायची. म्हणून तो एक शब्द मी उठता-बसता घोकत असे.

गॅरेजचे साहेब हौशी होते. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात त्यांना एक मोडकी ॲम्ब्युलन्स मिळाली. तिचं इंजिन आम्ही गॅरेजात खोललं, आणि खडकीच्या एका सुतारानं आत दोन बाकं, घडीचं टेबल, भांड्यांची फळी आणि जाळीच्या खिडक्या बसवल्या. जखमी शिपाई न्यायची गाडी, तिचं हवा खायला जायचं घर झालं. गॅरेजात तिला सगळे 'चालता बंगला' म्हणायचे. साहेबांसमोर 'गाडीघर'.

सगळं जमलं, फ्रीज तेवढा राहिला. आणि फ्रिजाशिवाय त्या गाडीघराला अर्थ नव्हता. यंत्रं बसवून द्यायला परदेशातून एक तज्ज्ञ आला होता. आम्ही आपसात त्याला गोरा म्हणायचो. त्याला साखरेचा आजार, रोज सुई टोचून घ्यायचा, आणि त्या औषधाच्या बाटल्या गार ठेवाव्या लागत. साहेबांच्या मनात होतं की दसऱ्याच्या सुट्टीत त्याला गाडीघरातून इंद्रायणीकाठी न्यावं, आपला मुलूख दाखवावा, आणि त्यानं जाताना वर दोन शब्द बरे सांगावेत. गोरा म्हणाला, बाटल्या गार राहणार असतील तर येतो.

साहेबांनी मला बोलावलं. "विजेचा फ्रीज नदीकाठी चालणार नाही. बर्फाची पेटी घ्यायची तर पुण्याहून बर्फाची लादी आणा, भुश्शात गुंडाळा, दुसऱ्या दिवशी पेटीत नुसतं पाणी. तिसरा प्रकार रॉकेलवर चालतो. पण त्याला माणूस लागतो. सांभाळशील?"

रॉकेलवर गारवा कसा येतो हे मला कळलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "सांभाळतो साहेब."

"नीट चालवलास तर दिवाळीनंतरच्या यादीत तुझं नाव घालतो. पर्मनंट."

त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले मी.

पुण्याच्या कॅम्पात परत गेलेल्या इंग्रज बिऱ्हाडांचं सामान विकणारी दुकानं होती. तिथं तसले दोन फ्रीज होते. एक उंच, पांढराशुभ्र, दाराला चकचकीत मूठ. दुसरा ठेंगणा, एका बाजूचा रंग उडालेला. दुकानदार म्हातारा होता आणि खरं बोलणारा होता. म्हणाला, "गाडीत ठेवायचा असेल तर हा बुटका न्या. उंच आहे तो जरा कलला की रुसतो." साहेबांनी उंच घेतला. गोऱ्याच्या नजरेत भरायला हवा होता. दुकानदारानं मग मला बाजूला घेऊन सगळं समजावलं. खाली टाकी, टाकीला वात, वातीची ज्योत निळी हवी. पिवळी झाली की काजळी धरते, काजळी धरली की वरचं कपाट गरम. ज्योत बघायला खाली आरसा आहे, रोज पोटावर पडून बघायचं. वारा नको, पण कोंडूनही ठेवायचा नाही, पाठीमागून गरम हवा बाहेर जायला वाट हवी. चालत्या गाडीत कधीही पेटवायचा नाही. आणि पाणसळ लावल्यासारखा सरळ उभा हवा. "आणि नेताना आडवा टाकू नको हां!" एवढं त्यानं दोनदा सांगितलं.

साहेबांना घाई होती. ट्रकची ताडपत्री नीट बसेना म्हणून फ्रीज आडवा टाकला.

पिंपरीत आणून पेटवला, तर एक दिवस गेला, दुसरा गेला, आतलं पाणी कोमटच. गॅरेजात थट्टेला ऊत आला. "काय राव, कपाटात चूल मांडली अन् बर्फाची वाट बघताय?" "अरे, चहा तरी ठेव त्याच्यात!" मी सुट्टी टाकून कॅम्पात गेलो. दुकानदार हसला. म्हणाला, "आतला वायू अडकला असेल. डोक्यावर उभा कर एक दिवस, मग सरळ करून एक दिवस तसाच ठेव, मग पेटव." तसं केलं. गॅरेजात सगळे येऊन त्या शीर्षासनाला नमस्कार करून जात. पण पेटवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आतल्या पत्र्यावर बोटभर पांढरं साचलं होतं. मी हात लावला, बोट चिकटलं. जन्मात पहिल्यांदा बर्फाला हात लावला तो असा.

त्या दिवसापासून फ्रीज म्हणजे माझीच जबाबदारी झाली. गाडीघर कुठं गेलं की आधी मी उतरायचो, गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ फ्रिजावर ठेवायचो आणि चाकांखाली फळ्या सारून गाडी सरळ करायचो. वात कात्रीनं कापायची, धुराडं ब्रशनं झाडायचं, वारा फिरला की गोणपाट फिरवायचं. उंच फ्रीज खरंच रुसायचा. रात्री पडवीतही मला डोळ्यांपुढं ज्योत दिसायची, आणि निळी आहे ना, या काळजीनं झोप लागायची नाही. ज्योत पिवळी, तर खोली गेली.

साहेबांच्या आईंना सगळे माई म्हणत. साताऱ्याकडच्या, विधवा, सोवळ्याच्या, पण मनानं मोठ्या. निदान मला तशा वाटायच्या. पावसाळ्यात मी तापानं फणफणलो तेव्हा त्यांनी माणसाबरोबर काढा आणि मऊ भात पाठवला होता. गाडीघरात जेवायची वेळ झाली की त्या आधी माझं पान वाढायला सांगायच्या. "लांबून आलंय लेकरू. आई नाही जवळ." परक्या मुलखात माझ्या जेवणाची अशी चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्यासाठी मी काहीही केलं असतं. त्यांनाही ते कळलं असावं.

नवरात्रात आळंदीच्या अलीकडं, नदीच्या वरच्या अंगाला, एका शेतकऱ्याच्या आमराईत गाडीघर उभं केलं. माईंना घेऊन दिघीच्या बाजूनं आलो, लष्करी हद्दीच्या कडेकडेनं. त्या आणि मी तिथंच मुक्कामाला राहिलो. शेतकरी जुन्या घराण्यातला, पिळदार मिशांचा, जिभेला लगाम नसलेला. मी पोटावर पडून आरशात ज्योत बघताना तो शेजारी येऊन बसायचा.

"म्हंजी खाली जाळ लावायचा अन् वर थंडी वाजायची, व्हय?"

"होय पाटील."

"आमची सासू बी अशीच हाय. फकस्त उलटी."

अष्टमीला साहेब गोऱ्याच्या औषधाच्या बाटल्या घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं आत ठेवल्या. बर्फाच्या खणात पाणी भरलं. दारूबंदीचे दिवस होते, पण गोऱ्याकडं परमिट होतं, आणि नवमीला संध्याकाळी नदीकाठी बसून त्याच्या ग्लासात बर्फ टाकायचा असा साहेबांचा बेत होता. जाताना मला म्हणाले, "उद्या सकाळी कारखान्यात यंत्रांची पूजा आहे. ती आटोपली की पाहुण्यांना घेऊन संध्याकाळी येतो. तोवर ही ज्योत विझता कामा नये. समजलं?"

"समजलं साहेब."

खंडेनवमीला सकाळी माईंनी आंघोळ केली, गाडीघराची पायरी धुतली, आणि ताम्हणात हळदकुंकू, फुलं, सुपारी घेऊन बाहेर आल्या. शेतकऱ्यानं टोपलीभर झेंडू आणून दिला होता. त्यांनी गाडीच्या चाकांना कुंकू लावलं, स्टोव्हला लावलं, माझ्या पान्ह्यांना आणि हातोडीला लावलं. मग फ्रिजापुढं उभ्या राहिल्या.

"हा बंद कर."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "माई, याला बंद नाही करता येत. साहेब सांगून गेलेत."

"आज खंडेनवमी आहे. पूजलेलं हत्यार, पूजलेलं यंत्र आज चालवायचं नसतं. तुमच्याकडं नाही का हे?"

आमच्याकडंही होतं. आमच्या गावी त्या दिवशी कोयत्याला, नांगराला, वखराला कुंकू लागलं की आजा ते भिंतीला टेकवून ठेवायचा, आणि कुणी गवताची काडी कापायलाही विळा उचलायचं नाही. मी मान खाली घातली.

"स्टोव्ह विझवला मी," माई म्हणाल्या. "तीन दगडांवर चूल मांडून घेते आज. कारखान्यात माझा मुलगा या घटकेला सगळी यंत्रं बंद करून, हार घालून, नारळ फोडतोय. कोट्यवधींची यंत्रं थांबतात. आणि हे कपाट काय त्यांच्याहून मोठं?"

शेतकरी चिलीम बाजूला ठेवून म्हणाला, "मंग सायबाची जीप कशी पळतीय आज?"

"तिला कालच हार घालून नारळ फोडलाय. तू गप रे."

"म्या गपच हाय, माई."

मी धीर करून म्हणालो, "माई, आत त्या साहेबांचं औषध आहे. आजाऱ्याचं."

त्यांनी जरा विचार केला. त्या बेपर्वा नव्हत्या. म्हणाल्या, "बाटल्या काढ. ओल्या फडक्यात गुंडाळ आणि माठाच्या बुडाशी वाळूत पूर. वाळूवर पाणी शिंपडत राहा. मडक्याच्या गारव्यानं माणसं जगलीच की इतकी वर्षं. उद्या उत्तरपूजा झाली की पेटव."

"आणि साहेब विचारतील तर?"

"मी आहे ना इथं," त्या म्हणाल्या.

या चार शब्दांवर मी विसंबलो. आज वाटतं, नवमीच्या दिवशी त्या ग्लासात बर्फ पडू नये असंही त्यांच्या मनात असेल. घरात दारू आणणाऱ्या मुलाला त्यांना तोंडावर बोलता येत नव्हतं. पण हा माझा आजचा तर्क. त्या दिवशी त्या माझ्या आईच्या जागी होत्या, आणि सण होता.

मी बाटल्या काढल्या, फडकं भिजवलं, वाळूत पुरल्या. मग खाली वाकून वात उतरवली. फुंकर मारली नाही; ज्योत आपली आपण लहान होत होत गेली. फ्रीज चालताना काही आवाज करत नाही, तरी तो विझल्यावर आमराई जास्त शांत झाल्यासारखी वाटली. माईंनी पांढऱ्या दारावर कुंकवाची पाच बोटं ओढली, मुठीला झेंडूचा हार बांधला. मी हात जोडले. शेतकऱ्यानंही जोडले, आणि म्हणाला, "देवा, सासूला बी एक दिस सुट्टी दे."

दिवसभर मी वाळूवर पाणी शिंपडत होतो. दुपारी ऑक्टोबरचं ऊन असं तापलं की आंब्याखाली कोंबड्याही चोची उघडून बसल्या. मी दार उघडून बघायचो नाही. उघडलं की गारवा जातो म्हणून नाही. बघवत नव्हतं म्हणून.

सूर्य कलायला लागला तेव्हा जीपचा आवाज आला.

गोरा उतरला, लाल झालेला, कपाळाला कारखान्यातलं कुंकू तसंच. खुशीत होता. साहेबही खुशीत. कारखान्याची पूजा थाटात झाली होती. साहेबांनी टेबल बाहेर मांडायला लावलं, ग्लास पुसले आणि बर्फ आणायला स्वतः आत गेले. मग ते बाहेर आले. हातात बर्फाचा खण होता, आणि त्यातलं पाणी त्यांच्या बुटांवर सांडत होतं.

त्यांच्या मागोमाग गोरा आत डोकावला. आणि हसला. वाईट हसला नाही, मनापासून हसला. गळ्यातला कॅमेरा काढला, हार घातलेल्या फ्रिजाचे फोटो काढले, इकडून, तिकडून. मलाही दाराशी उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. तो इंग्रजीत साहेबांना काहीतरी सांगत होता, आणि ते हसत होते, आणि त्यांचे कान तांबडे होत चालले होते.

औषधाचं विचारलं तेव्हा मी धावत जाऊन वाळूतून बाटल्या काढून दिल्या. गोऱ्यानं गालाला लावून बघितल्या. गार होत्या. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. साहेबांनी त्याचं बोलणं मराठीत केलं नाही, पण जीपच्या ड्रायव्हरनं मागून मला सांगितलं: तो म्हणाला होता की एका दिवसानं या औषधाला काही होत नाही, प्रवासात तो ते खिशातही ठेवतो.

म्हणजे कुणाचं काहीही बिघडलं नव्हतं. नासलं ते थोडं दूध.

साहेब मात्र मला गाडीच्या मागं घेऊन आले. मागं म्हणजे चार पावलांवर. माई चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांच्या आणि आमच्या मध्ये काही नव्हतं.

"कुणी विझवला?"

मी माईंकडं बघितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"कुणी विझवला, विचारतोय मी."

"साहेब, मी विझवला."

"मी काय सांगून गेलो होतो?"

"विझू द्यायचा नाही."

"मग? पूजा करायची हौस आली तुला? तो माणूस तिकडं जाऊन काय दाखवेल लोकांना ठाऊक आहे? हे असले लोक यंत्रं चालवणार आमची, असं म्हणून फोटो दाखवेल! चौथी शिकलेल्या माणसाच्या हाती दिलं, ही माझी चूक."

मी पुन्हा माईंकडं बघितलं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावर पाणी फिरवलं. मला वाटलं, आता हात पुसतील आणि बोलतील. भाकरी उलटेपर्यंत मी वाट बघितली. त्यांनी भाकरी उलटली.

"पेटव," साहेब म्हणाले.

"आत्ता, साहेब? आज—"

"आत्ता!"

मी आत गेलो. हार मीच सोडला. पूजलेल्या यंत्राला त्याच दिवशी हात लावला, तोही माईंच्या देखत, आणि त्या तेव्हाही काही बोलल्या नाहीत. ना मुलाला, ना मला. सकाळी जो नेम मोडला तर आभाळ कोसळणार होतं, तो संध्याकाळी मोडला तेव्हा त्या भाकऱ्या मोजून टोपलीत रचत होत्या. काडी ओढली, वात पेटवली. पोटावर पडून आरशात बघितलं. ज्योत निळी होती.

गोऱ्यानं माठातलं पाणी घालून दारू घेतली.

जेवताना माईंनी माझं पान नेहमीसारखं आधी वाढलं. भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा होता. शेतकरी माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "भावा, तू बोलला का न्हाईस? म्या होतो की साक्षीला."

"आईला खोटं कसं पाडायचं, पाटील?"

"त्यांची आई हाय ती. तुजी न्हाई."

मी लोणी खाल्लं.

दसऱ्याला दुपारी सगळे एकमेकांना आपट्याची पानं देत होते. माईंनी मला बाजूला बोलावलं, हातावर पान ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "काल बोलला नाहीस, फार शहाण्यासारखं केलंस हो. माझ्या मुलाचा स्वभाव तापट. पाहुण्यांसमोर मायलेकांचं वाजलं असतं तर बरं दिसलं असतं का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. मनापासून पडलो, हेच अजून सलतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला एवढं बरं वाटलं की क्षणभर खोलीचं, यादीचं, सगळ्याचं विसरायला झालं. वाटलं, यांना कळतंय ना, मग त्या सांगतील. आज नाही तर उद्या, मुलगा शांत झाल्यावर, घरी गेल्यावर सांगतील.

दिवाळी गेली. रोज सकाळी गॅरेजात शिरताना मी साहेबांचा चेहरा बघायचो, सांगितलं असेल का म्हणून. साहेब माझ्याशी वाईट वागले नाहीत. रागावलेही नाहीत पुन्हा. फक्त फ्रिजाचं काम एका मॅट्रिक झालेल्या मुलाकडं दिलं, आणि त्याला सगळं दाखवून दे असं मला सांगितलं. मी दाखवून दिलं. वात, आरसा, फळ्या, पाणसळ.

यादी लागली ती फाटकापाशी, कंपनीच्या फळ्यावर. मला तोवर मराठी वाचता येत होतं. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. शेजारी उभा असलेला गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "चल राव, पुढच्या खेपेला." मी हो म्हणालो. मग मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. विचारायला नाही. माईंनी दिवाळीचा फराळ घेऊन जा म्हणून निरोप धाडला होता, आणि न जाणं मला जमलं नाही. त्या ओट्यावर बसल्या होत्या. डबा दिला. म्हणाल्या, "बायकोला कधी आणतोस?"

मी म्हणालो, "बघू, माई."

"आण लवकर. एकट्यानं बरं नसतं."

डबा घेऊन मी नदी ओलांडून काळेवाडीला आलो. पडवीत बसून गावाकडं निरोप कसा धाडावा याचा विचार करत राहिलो. तिकडं जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी निघणार होता. त्याला मी एवढंच सांगितलं, की अजून थोडं थांबा म्हणावं, इथली माणसं फार चांगली आहेत.